खोटा गजर

मीरुना, ती खिडकी आधी लावून घे. लसणीसाठी नाही गं, गार वारा येतोय म्हणून. लसूण माझ्या बायकोने सकाळीच चौकटींना चोळून ठेवली आहे, ती विसरायची नाही. आज एकोणतीस नोव्हेंबर. उद्या संत आंद्रेई. आजच्या रात्री मेलेली माणसं घराची वाट धरतात आणि लसूण चोळलेल्या दाराबाहेरच थांबतात असं आमची आजी सांगायची, आणि आम्ही तिला हसायचो.

ऑक्टाव, तू मघाशी विचारलंस की नेकुलाईकाका, लॅबमध्ये एवढं काम तुंबलेलं असताना आज रात्री माझ्या होणाऱ्या बायकोला, मीरुनाला, सुट्टी कशी काय दिलीत. तेच सांगतो. आलुबुखारची त्सुइका गरम आहे तोवर घोट घ्या. अक्रोड फोडा. आणि मध्ये बोलू नका, म्हणजे मला पुढचं आठवतं.

हे माझ्याबाबतीत घडलेलं नाही. इउस्तिन हारागा म्हणून एकजण होता. माझ्या आधी लॅब तोच सांभाळायचा. मीरुना आली तेव्हा तो गेलेला होता, तिने त्याला पाहिलेलं नाही. उंच, वाकून चालायचा, कुणाला नाही म्हणायची सवयच नव्हती त्याला. भला मुलगा. भला म्हणजे... असो, ते ऐकता ऐकता तुम्हीच ठरवा.

तर त्या दिवशी काम अगदी साधं होतं. संध्याकाळी डायरेक्टर वेल्निचुक यांचा इउस्तिनला फोन आला. लॅबची वीज गेलेली दिसते, रात्रीची चाचणी सुरूच झालेली नाही, तू जवळ राहतोस तर जाऊन फ्यूज वर करून ये, आणि आता जातोच आहेस तर चाचणी संपेपर्यंत थांब. पहाटे नवी आवृत्ती लोकांकडे जायची आहे. इउस्तिन म्हणाला, जातो साहेब. वाटेत त्याने एक कोव्रिग घेतला, पावाचं कडं, गरम, वरती तीळ लावलेला, आणि तो खात खात त्सिकाऊच्या उतारावरून खाली निघाला. पाऊस नव्हता, बर्फही नव्हतं. नुसतं धुकं.

तेव्हा लॅब आजच्यासारखी काचेच्या इमारतीत नव्हती. त्सिकाऊच्या गल्लीत प्रोफिरामावशींचं जुनं घर होतं, त्याचं अर्धं जमिनीत गेलेलं तळघर कंपनीने भाड्याने घेतलं होतं. भिंत जाड, उन्हाळ्यातसुद्धा थंड. यंत्रांना थंडावा लागतोच, म्हणून स्वस्तात काम झालं.

ऑक्टाव, तू दात बसवणारा माणूस, तुला आमचा धंदा ठाऊक नाही, म्हणून दोन शब्द. तू फोनवर काही शोधतोस, बातमी वाचतोस, बसचं वेळापत्रक बघतोस. ते पान ज्यातून दिसतं तो ब्राउझर. आमची कंपनी तो बनवते. दिवसभर शंभर पोरं त्यात काहीबाही बदलत असतात. कुणाच्या बदलाने तो हळू झाला, हे कळायचं कसं? तर लॅबमध्ये फोन ओळीने मांडून ठेवायचे. यंत्र रात्रभर त्यांच्यावर तीच ती पानं उघडतं, बंद करतं, पुन्हा उघडतं, आणि पान उघडायला किती वेळ लागला ते मोजतं. माणूस नाही, बोट नाही, फोन आपले आपण चालू. वेळ नेहमीइतकाच लागला तर भिंतीवरच्या पडद्यावर हिरवी ओळ. जास्त लागला तर लाल. लाल म्हणजे गजर. मग माणसाने बघायचं आणि उत्तर द्यायचं, गजर खरा की खोटा. कधी कधी उगाचही वाजतो, नेट अडलं, फोन तापला. अशा वेळी खोटा म्हणायचं आणि पुढे जायचं. पण एकही गजर अनुत्तरित असला तर नवी आवृत्ती बाहेर पडत नाही. खरा म्हटलं तर मग अडकलीच.

ही सगळी मांडणी उभी केली स्मारांदा किरिलाने. आता तिचं सांगायला हवं. तिच्याशिवाय त्या रात्रीला अर्थ नाही.

स्मारांदा वासलुईकडची. वडील लहानपणीच गेलेले, आई आगलाया गावात एकटी. हिला दमा होता, पंप कायम खिशात. पण बोलायला लागली की समोरच्याचाच दम जायचा. इउस्तिनला तिनेच कामाला लावलं, तिनेच शिकवलं. शरदात आईने करून पाठवलेली झाकुस्काची, भाजलेल्या वांग्या-मिरचीच्या चटणीची, बरणी त्याच्या टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, खा रे, तुझ्या बरगड्या मोजता येतायत, मला मोजायची वाईट सवय आहे.

लॅबमध्ये सगळे फोन नवे, चकचकीत. एकच जुना. पाठीला तडा गेलेला, स्वस्तातला, तिने रविवारच्या जुन्या बाजारातून स्वतः आणलेला. प्रत्येक फोनला आम्ही नाव देतो. त्याचं नाव तिने ठेवलं, आगलाया. गावात आईकडे अगदी तसलाच फोन होता. ती म्हणायची, ज्या दिवशी ह्याच्यावर पान उघडणार नाही, त्या दिवशी आपण ब्राउझर नाही, शोकेस बनवतोय.

एका वसंतात एक मोठा बदल आला. नव्या फोनांवर पानं डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडायला लागली. सगळे खूश. आगलायावर मात्र पांढरं पान. नुसतं पांढरं. अर्धा मिनिट, एक मिनिट, मग यंत्रच कंटाळून सोडून द्यायचं. रोज रात्री लाल. रोज सकाळी स्मारांदा उत्तर द्यायची, खरा. आणि रोज आवृत्ती अडायची.

वेल्निचुक तळघरात आले. वाईट माणूस नव्हता तो. वरून दट्ट्या होता, तारीख ठरलेली होती. त्यांनी तो फोन उचलून विचारलं, हा आज कोण वापरतं?

"माझी आई वापरते," स्मारांदा म्हणाली.

"तुझी आई आपल्या जाहिराती बघत नाही."

एवढंच बोलले. मग तिला नाही, इउस्तिनला सांगितलं, हा फोन मांडणीतून काढून टाक. आणि वर गेले.

इउस्तिनने स्मारांदाकडे बघितलं. ती पंप काढून श्वास ओढत होती. म्हणाली, "काढ. तुला नोकरी आहे, मला कळतं. पण गजर खोटा होता असं म्हणू नकोस. फोन काढला असं म्हण. एवढं कर माझ्यासाठी."

तो हो म्हणाला. केबल उपसली, फोन तिच्या हातात दिला. पण तिने खरे म्हटलेले आधीचे गजर उघडेच होते, ते मिटवल्याशिवाय यंत्र पुढे जाईना. संध्याकाळी ती घरी गेल्यावर त्याने एकेक गजर उघडला आणि एकेकावर दाबत गेला. खोटा. खोटा. खोटा. पहाटे आवृत्ती बाहेर पडली. लोकांच्या फोनांवर ती आपोआप पोचते, कुणी विचारत नाही, कुणाला कळतही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पाहिलं. भांडली नाही. पुढच्याच महिन्यात राजीनामा देऊन गावी गेली. तो फोन तिने पदरच्या पैशाने घेतलेला, तो घेऊन गेली. आईचा फोन दरम्यान विहिरीत पडला होता, तिने आईला हा दिला, निदान बोलायला तरी.

ऑक्टोबरात ती मेली.

काय झालं ते इउस्तिनला आगलायाबाईंनीच सांगितलं, अंत्यविधीला गेला तेव्हा. दमा उठला. पंप संपत आलेला. हिचा स्वतःचा फोन बंद पडलेला, म्हणून म्हातारीने आपल्या फोनवरून रुग्णवाहिकेला कळवलं. गाडी एका अपघाताला गेलेली, यायला वेळ लागेल म्हणाले. शेजाऱ्याकडे दाचिया मोटार होती, त्याने ती दाराशी आणली. आता जायचं कुठे? तिकडे गावागावांत आळीपाळीने रात्रीचा डॉक्टर असतो, आज ह्या गावात, उद्या त्या. आजची पाळी कुणाची, ते एका पानावर लिहिलेलं असतं. शेजारी म्हणाला, बघा फोनवर. म्हातारीने उघडलं. पांढरं. बंद केलं, पुन्हा उघडलं. पांढरं. मागच्या सीटवर मुलीचं डोकं मांडीवर, आणि हातात तो पांढरा उजेड. शेवटी शेजाऱ्याने अंदाजाने गाडी जवळच्या गावाकडे घातली. तिथे कुलूप. दुसऱ्या गावाला जाईपर्यंत ती गेली.

ऑक्टाव, बोलू नकोस म्हटलं ना. हो, मला माहीत आहे. डोंगराआड रेंज नसेल, पानच बंद असेल. शंभर कारणं असतात. कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हातारी तर बिचारी रेंजलाच दोष देत होती. खरं कारण काय असू शकतं हे त्या अंगणात एकट्या इउस्तिनला माहीत होतं, आणि तो हातात कोलिवाची, मेलेल्यांसाठी शिजवलेल्या गोड गव्हाची, वाटी घेऊन उभा होता.

म्हातारी त्याला म्हणाली, "मरणाऱ्याच्या हातात मेणबत्ती द्यायची असते, बाळा. उजेडाशिवाय जाऊ देत नाहीत कुणाला. मी तिच्यापुढे हा फोन धरून बसले."

आणि पेटी बंद करण्यापूर्वी तिने तो फोन मुलीच्या हाताखाली सरकवला. म्हणाली, हाच उजेड मिळाला तिला, तर हाच राहू दे तिच्याकडे. पाद्र्याने मान फिरवली. इउस्तिनने डोळ्यांनी पाहिलं. तडा गेलेली पाठ वरच्या बाजूला. मग झाकण लागलं. मग माती.

चाळीस दिवसांचं स्मरण झालं. त्याला तो गेला नाही. काम होतं म्हणाला.

आणि मग आली ही रात्र. संत आंद्रेईची आदली रात्र.

प्रोफिरामावशी अंगणात स्टुलावर उभ्या राहून खिडक्यांना लसूण चोळत होत्या. इउस्तिनने विचारलं, मावशी, धरू का स्टूल. त्या म्हणाल्या, स्टूल नको धरू, तुझ्या त्या साहेबाला धर आणि सांग की नळाचं पाणी गळतंय. मग तळघराच्या दाराकडे लसणीची पाकळी रोखून म्हणाल्या, "ते दार मी सोडलंय हं. ते तुमच्या कंपनीचं. लसूणही कंपनीनेच आणावी."

तो हसला. खरंच हसला, मला त्याने मुद्दाम सांगितलं. म्हणाला, नेकुलाईकाका, खाली उतरेपर्यंत मला काही वाटत नव्हतं. तिची आठवणसुद्धा नव्हती मनात. कोव्रिगचे तीळ दातात अडकले होते, ते जिभेने काढत मी पायऱ्या उतरलो.

फ्यूज दाराशेजारीच. त्याने वर केला. दिवे लागले. पंखे फिरायला लागले. मांडणीवरचे फोन एकेक करून जागे झाले, आणि भिंतीवरचा मोठा पडदाही. चाचणी सुरू झाली. सगळ्या फोनांवर एकदम एक पान उघडलं, एकदम मिटलं. मग दुसरं. मग तिसरं. मीरुना, तुला माहीत आहे ते कसं दिसतं. रात्री एकटं बसलं की वाटतं, आपल्याला न दिसणारी माणसं ओळीने बसून वाचतायत.

तो खुर्चीत बसला. कोटाची बटणं लावून घेतली. ओळी हिरव्या होत होत्या. एकाखाली एक, हिरव्या, हिरव्या. त्याला डुलकी लागली असावी, असं तो म्हणतो. डोळे उघडले तेव्हा सगळं शांत होतं. चाचणी संपत आली होती. पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवं.

आणि सगळ्यात खाली एक ओळ जास्त होती.

नाव लिहिलेलं होतं. आगलाया.

नावाशेजारी लिहिलेलं, चाचणी चालू आहे.

त्याने डोळे चोळले. वाटलं, वीज गेल्यामुळे यंत्राने कुठलीतरी जुनी ओळ वर काढली. होतं असं. ती ओळ त्याने पुसली. गेली. तो परत टेकला.

ओळ परत आली.

प्रत्येक ओळीपुढे त्या फोनवर आत्ता काय दिसतंय त्याचं छोटं चित्र असतं. ह्या ओळीपुढचं चित्र पांढरं होतं. आणि त्याच्याखाली सेकंद मोजणं चालू होतं. एका मिनिटानंतर यंत्र सोडून देतं, मी मघाशी सांगितलं. हे सोडत नव्हतं. आकडा वाढत होता. थांबत नव्हता.

तो उठला. यंत्र सांगत होतं, फोन जोडलेला आहे. नवव्या जागी.

नववी जागा मांडणीच्या टोकाला. मागे भिंतीत जुन्या काळी दारूची पिंपं ठेवायचं भुयार होतं, बिनदाराचं, काळं, मातीच्या वासाचं. आम्ही त्यात रिकामी खोकी टाकायचो. जागा रिकामीच होती. वसंतात त्यानेच रिकामी केली होती. फोन नव्हता. फक्त केबल.

बाकीच्या रिकाम्या केबली फळीवर लोळत पडलेल्या. ही पडलेली नव्हती.

ही ताठ होती.

फळीच्या मागच्या कडेवरून... सरळ... त्या भुयारात गेलेली. तारेसारखी. दुसरं टोक दिसत नव्हतं.

त्याने बोट लावलं.

केबल थरथरत होती. गळाला मासा लागल्यावर दोरी हाताला कळते ना, तशी. थोडी ओढ. मग सैल. मग पुन्हा ओढ.

पंखे बंद झाले होते. केव्हा, त्याला कळलं नाही. म्हणून तो आवाज ऐकू आला. आतून. खोक्यांच्या मागून. बारीक शिटीसारखा... आत जाणारा... अडकणारा... पुन्हा आत जाणारा.

तो आवाज त्याने वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावरून ऐकलेला होता.

तो म्हणाला, "स्मारांदा?"

आवाज थांबला.

...

मग पुन्हा सुरू झाला. आता जवळून.

मागे पडदा बदलल्याचा उजेड पडला. त्याने वळून बघितलं. खालची ओळ लाल झाली होती. आणि पडद्याच्या मधोमध तोच प्रश्न आला होता, रोजचा, साधा.

गजर खरा की खोटा?

तो टेबलापाशी गेला. पाठीमागे तो श्वास. दर ओढीबरोबर केबल फळीच्या कडेला घासत होती. कर्र... कर्र...

मी त्याला विचारलं, अरे, मग दाबायचं ना खरा. ती आणखी काय मागत होती?

त्याने हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "काका, खरा म्हटलं असतं तर वसंतातलेही सगळे खरेच ठरले असते."

त्याचं बोट कळीवर होतं. श्वास थांबला होता. केबल थांबली होती. कुणीतरी वाट बघत होतं. मी काय करतो ह्याची वाट बघत होतं, असं तो म्हणाला. घाई नव्हती. राग नव्हता. नुसती वाट.

त्याने दाबलं.

खोटा.

आतून एकच श्वास बाहेर पडला. लांब. आत घेतलेला नाही, बाहेर सोडलेला. कुणी दमून खाली बसावं तसा.

मग काही नाही.

पंखे फिरायला लागले. पडदा पूर्ण हिरवा. खालची ओळ गेली होती. तो मागे वळून न बघता पायऱ्या चढला आणि उजाडेपर्यंत अंगणातल्या स्टुलावर बसून राहिला. प्रोफिरामावशींनी सकाळी त्याला तसा पाहिला, घोंगडी आणून टाकली अंगावर आणि म्हणाल्या, मी सांगितलं होतं, दार तुमचं आहे.

आवृत्ती वेळेवर बाहेर पडली. वेल्निचुकांनी केक मागवला. सगळ्यांदेखत इउस्तिनचं कौतुक केलं, सणाच्या रात्रीसुद्धा कामावर थांबणारा माणूस म्हणून. स्मारांदाची खुर्ची त्याला दिली. त्या केकचा तुकडा तो खाऊ शकला नाही, खिशात घातला, आणि पुढे कितीतरी दिवस तो कोटाच्या खिशात कोरडा होऊन पडलेला होता.

ईस्टरपर्यंत त्याने काढलं. मधे एकदा गावी जाऊन आला. म्हातारीला सगळं सांगायचं असं ठरवून गेला होता. तिने त्याला मक्याची ममलिगा आणि चीज वाढलं, बाळा बाळा करत शेजारी बसली, आणि विचारलं, तू अजून तेच काम करतोस ना, जे स्मारांदा करायची? चांगलं काम आहे, ती म्हणायची, आमच्यासारख्यांसाठी आहे. तो जेवला. आभार मानले. न सांगता परत आला.

मग त्याने चाव्या माझ्या हातात दिल्या आणि स्पेनला गेला. द्राक्षाच्या बागांत राबतो म्हणतात. शिकलेला पोरगा. बटणांचा फोन वापरतो. गेल्या ख्रिसमसला त्याने फोन केला होता, हवेचं बोलला, माझ्या गुडघ्याचं विचारलं. म्हातारी कशी आहे, हे विचारायला तोंड उघडलं असावं, कारण थोडा वेळ नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. मग ठेवला.

म्हातारी अजून आहे. रेंजलाच शिव्या देते. आणि तसल्या फोनांवर पान आजही उघडतं की नाही, कुणालाच माहीत नाही. मोजलं तर कळणार ना. मी जुना फोन दोनदा मागितला वरती. दोन्ही वेळा हसले.

खरं सांगायचं तर मला ही गोष्ट पटली नव्हती. पोरगा अपराधाने पोखरलेला, सणाची रात्र, डुलकी, तळघर. डोक्यात काहीही येतं. मी त्याला खांद्यावर थोपटलं आणि म्हटलं, विसर. माझ्या लेखी ते तिथेच संपलं.

पुढच्या उन्हाळ्यात लॅब हलवली. मांडणी मीच उतरवली, दिवसाढवळ्या, दार सताड उघडं टाकून. प्रोफिरामावशी वरून ओरडत होत्या, खिळे उपटताना माझी भिंत सांभाळा. केबली सगळ्या एकाच खोक्यातल्या, एकाच दिवशी घेतलेल्या, बोटापासून कोपरापर्यंत भरतील एवढ्या. एकेक सोडवून पेटीत टाकत गेलो. नववी सोडवली आणि ओढली, तर ती येईना. फळीमागे अडकली वाटलं. वाकून बघितलं. अडकलेली नव्हती. खाली उतरलेली होती, भुयारात गेलेली. मी ओढत गेलो. येत गेली. खोक्यांच्या मागून, मातीवरून, येतच गेली. पायाशी वेटोळ्यांचा ढीग झाला. दुसरं टोक हाती आलं तेव्हा ते कोरडं, स्वच्छ होतं. कुठे जोड नाही, गाठ नाही. बोटांनी पूर्ण चाचपली.

मीरुना, तुला माहीत आहे, ऑक्टावला सांगतो. केबल ओढली तर तुटते. लांब होत नाही.

मी तशीच उजेडात धरून दारापाशी गेलो. प्रत्येक केबलवर बनवणाऱ्याचं नाव छापलेलं असतं, बारीक अक्षरात, नखाएवढं. हिच्यावरही होतं. एकदाच. वाचायला मला दारापासून अंगणाच्या फाटकापर्यंत चालत जावं लागलं. एकेक अक्षर ताणलेलं होतं, माझ्या हाताएवढं लांब.